पऱ्हाटी, टरफलं आणि काँक्रीट

काँक्रीट म्हटलं की आपल्याला सिमेंट आठवतं. पण त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग वाळू-खडीचा असतो. आमच्या शिंदखेडा तालुक्यात तापी-पांझरेची वाळू उपसली जाते, पण नदी ती तेवढ्या वेगाने परत देत नाही. दुसरीकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाटी बांधावर जाळतात, भुईमुगाची टरफलं पडून राहतात. मग वाळूच्या जागी यातलं थोडं वापरलं तर?

कल्पना नवी नाही. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. पण माती वेगळी, सिमेंट वेगळं. इथे तीन अडचणी येतात.

१) साखर : काडीतली साखर पाण्यात उतरते. सिमेंटच्या वजनाच्या ०.१ टक्का साखरसुद्धा सेटिंग लांबवते. म्हणून भुगा चुन्याच्या निवळीत भिजवून, धुऊन वाळवावा.

२) पाणी : कोरडा भुगा मिक्समधलं पाणी पितो, फुगतो आणि वाळताना आकसतो. मग भेगा पडतात. म्हणून मिक्सरमध्ये टाकण्यापूर्वी तो भिजवून, वरून पुसून घ्यावा.

३) माप : भुगा हलका असतो. वजनाने १० टक्के घेतला तर भलामोठा ढीग होईल. म्हणून बदल घनफळानेच करावा.

लॅबमध्ये ०, ५, १० आणि १५ टक्क्यांचे प्रत्येकी तीन क्यूब करा. १५० मिमी क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौ. मिमी, म्हणजे २० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीला ४५० किलोन्यूटन भार लागतो. साधा क्यूब साधारण ८.१ किलो भरतो. भुगा वाढेल तसं वजन उतरतं, आणि ताकदही. शिवाय सिमेंटचा अल्कली काडीला हळूहळू खातो, त्यामुळे २८ दिवसांचा निकाल पुरेसा नाही. काही क्यूब वर्षभर आलटून पालटून भिजवत-वाळवत ठेवा.

तुसाची राख हा वेगळा विषय. ती सिमेंटचा काही भाग बदलते, वाळूचा नाही.

आय.एस. ३८३ : २०१६ मध्ये स्लॅग आणि जुन्या काँक्रीटची खडी किती वापरावी हे दिलंय, पण शेतातल्या कचऱ्याचं नाव नाही. म्हणून स्लॅब, बीम, कॉलमला हात लावायचा नाही. पार्टिशनचे ब्लॉक किंवा गच्चीवर उन्हाचा ताप अडवणारा थर, एवढंच करून बघावं. कर्ज काढून घर बांधणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर आपला प्रयोग नको.

आणि एक. कॉन्व्हेंटच्या पुस्तकात मी ज्याला 'वेस्ट' म्हणायला शिकलो, त्या पऱ्हाटीला माझी आजी सरपण म्हणते. तेव्हा चुलीचं चुलीला ठेवून, बांधावर जे फुकट जळतं तेवढंच घेऊ या. फायनल इयरला प्रोजेक्ट शोधताय ना? मग लागा कामाला!