राजीनामा : क्रियापद, कर्ता आणि संमती

उद्दिष्ट : या पाठाच्या अभ्यासानंतर सक्ती व्यक्त करणाऱ्या मराठी वाक्यरचनांतील अर्थभेद आपणांस स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन

'राजीनामा' या शब्दात अरबी 'राजी' (संमत) आणि फारसी 'नामा' (लेख) हे दोन घटक आहेत. मुंबई इलाख्यात जमिनीवरील हक्क सोडणारा खातेदार 'राजीनामा' लिहून देई व नवा धारक 'कबुलायत'. संमती हा या शब्दाचा गाभा आहे. मग संमतीविना दिलेला राजीनामा भाषा कसा सांगते? वाकडला राहून हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका कल्पित स्त्रीविषयीची ही वाक्ये पाहा.

1. तिने राजीनामा दिला.
2. तिला राजीनामा द्यावा लागला.
3. व्यवस्थापकाने तिला राजीनामा द्यायला लावला.
4. तिचा राजीनामा स्वीकारण्यात आला.

पहिल्या वाक्यात ती स्वेच्छेने कृती करणारी कर्ती भासते. दुसऱ्यात 'तिने'चे 'तिला' होते; सक्ती कळते, पण सक्ती करणारा कळत नाही. तिसऱ्यात 'लावणे' या क्रियापदामुळे तो समोर येतो. चौथ्यात तो पुन्हा अदृश्य होतो, शिवाय 'स्वीकारणे' या क्रियापदाने पहिले वाक्य खरे असल्याचे गृहीत धरले जाते. कार्यालयीन पत्रात बहुधा हेच वाक्य असते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची पूर्वसूचना किंवा तितके वेतन, तसेच सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन देणे मालकावर बंधनकारक ठरले. स्वेच्छेने राजीनामा देणाऱ्यास ही भरपाई मिळत नाही. म्हणून दप्तरी पहिले वाक्य नोंदले जाणे मालकाच्या सोयीचे असते आणि तिसरे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावर पडतो.

जुलै 2017 मध्ये टेक महिंद्रा कंपनीतील एक ध्वनिफीत सर्वत्र पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत राजीनामा देण्यास एका कर्मचाऱ्याला तीत सांगितले जात होते. आनंद महिंद्रा यांनी जाहीर माफी मागितली. कागदावर जो कर्ता कधीच उमटला नसता, तो त्या ध्वनिफितीमुळे ऐकू आला.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून शिकत आहेत. अशा प्रसंगी कोण, केव्हा, काय म्हणाले याची लेखी नोंद ठेवणे म्हणजे तिसरे वाक्य जपून ठेवणे होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. 'द्यावा लागला' व 'द्यायला लावला' यांतील अर्थभेद सोदाहरण लिहा.
2. आपल्या कार्यालयातील एका पत्रातील '-ण्यात आले' ही रचना शोधा. तिने कोणता कर्ता झाकला आहे?