‘द डिसायपल’ पाहिल्यावर

चि. रेवा,

तुझी आई म्हणाली, चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ पाहिल्यापासून तू मैत्रिणींचे फोन घेत नाहीस, दार लावून पलटे घोटत बसतेस. त्यातला गाणं शिकणारा शरद नेरूळकर कमी पडला, म्हणून आपण दुप्पट सोसायचं, असं तू ठरवलेलं दिसतं. मी तो चित्रपट काल पुन्हा पाहिला. मला वाटतं, तू नेमकी त्याच्याच वाटेने निघाली आहेस.

रात्री रिकाम्या पुलांवरून शरदची मोटरसायकल संथ जाते आणि कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू माईंचा, ध्वनिफितीवरचा आवाज असतो, आठवतं? सुमित्रा भावेंचा तो आवाज इतका ठाम आहे की मीही भारावले. या वाटेवर चालायचं तर एकटं राहायला शिका, उपाशी राहायला शिका, असं माई सांगतात. शरद ते शब्दशः पाळतो. नोकरी टाळतो, माणसं टाळतो. पण रेवा, ध्वनिफितीतल्या माई त्याचं गाणं ऐकत नाहीत! तुझा स्वर उतरला, हे त्या कशा सांगणार? सांगतात ते समोर बसलेले गुरुजी. शरद त्यांचे पाय चेपतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो, मनापासून सेवा करतो; मात्र चित्त असतं फितीपाशी. त्याचं गाणं अडतं ते मला इथे दिसतं. प्रतिभा कमी होती का, याचं उत्तर चित्रपट देत नाही आणि तूही ते आत्ता शोधू नकोस.

आणखी एक. गुरुजींचं काम केलेले अरुण द्रविड हे खरोखरच जयपूर घराण्याचे गवई. मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताईंची तालीम त्यांना मिळाली, आणि केमिकल इंजिनिअर म्हणून त्यांनी व्यवसायही केला. पडद्यावर ते गातात तेव्हा त्या गाण्यात काही उणं वाटलं का तुला?

एकांत रियाझापुरता ठेव. पहाटेचा खर्ज एकटीने लाव, तिथे कोणी नकोच. पण शनिवारी तुझ्या बाईंकडे सगळ्या मुली गातात तिथे जाणं थांबवलंस, ते मला मुळीच पटलेलं नाही. या शनिवारी जा, बिहाग गा, आणि बाई मध्येच थांबवतील तेव्हा रुसू नकोस. काय म्हणाल्या ते मला सविस्तर लिही. त्याआधी मैत्रिणींना फोन कर.

तुझी
मावशी