नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस

इंदूर

चि. बाळ,

कॅप्नोग्राफची तिन्ही कोटेशनं पाहिली. सगळ्यांत स्वस्त मशीन नुसता आकडा दाखवतं, आलेख नाही. ते आधी बाजूला काढ. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा 38 आकडा दिसला की आपण निर्धास्त होतो; पण चढण तिरकी झाली म्हणजे श्वासनळ्या आवळल्यात, खालची रेघ शून्याला टेकत नाही म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडालाइम संपलाय नाहीतर व्हॉल्व्ह अडकलाय, हे आलेखच सांगतो. श्वासाची नळी अन्ननलिकेत गेली तर काही श्वासांतच तो सपाट होतो. आधी भरपूर ऑक्सिजन दिलेला असला तर पल्स ऑक्सिमीटरला तेच कळायला काही मिनिटं जातात.

मेनस्ट्रीमचा सेन्सर थेट नळीच्या तोंडाशी बसतो, उत्तर झटपट देतो. पण तान्ह्याची नळी त्याच्या वजनानं ओढली जाते, आणि हातातून पडला की खिशाला भोक. तुझ्याकडे सिझेरियन, दुर्बिणीची ऑपरेशनं आणि गुंगी देऊन केलेल्या एंडोस्कोपी. नळी न घातलेल्या पेशंटच्या नाकाशीही लावता येईल असं, बारीक लाइनमधून हवा ओढणारं साइडस्ट्रीमच घे. मिनिटाला किती हवा ओढतं ते विचार: 150-200 मिली मोठ्यांना चालतं, तान्ह्यांना 50 बरं. वॉटर ट्रॅप आणि सॅम्पलिंग लाइन वर्षाला कितीला पडतील, तेही लिहून घे. खरा खर्च तिथेच असतो.

डेमोच्या वेळी लाइन स्वतःच्या नाकाशी धरून श्वास घे, मग तिला पीळ दे. अलार्म वाजलाच पाहिजे. हवेचा दाब मशीन स्वतः मोजतं की उंची आपण भरायची, तेही बघ. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे.

एवढं करूनही एक भोक राहतं. मे 2016 मध्ये आपल्या इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलमध्ये दोन मुलं दगावली. ऑक्सिजनच्या लाइनमधून नायट्रस ऑक्साइड येत होता. अशा वेळी कॅप्नोग्राफ सुरुवातीला छान आलेखच काढत बसेल, कारण पेशंट कार्बन डायऑक्साइड सोडतोच आहे. म्हणून आत जाणारा ऑक्सिजन मोजणारं मॉड्यूल सोबत हवंच. ते झेपत नसेल तर भूल मशीनला वेगळा ऑक्सिजन सेन्सर लाव, आणि पैसे ऑपरेशन थिएटरच्या दिव्यांवरचे वाचव, यावरचे नकोत.

माझं मत दुसऱ्या कोटेशनला. मात्र त्यांचा सर्व्हिस इंजिनिअर इंदुरातच बसतो की भोपाळहून येतो, हे लेखी घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझी आत्या