ग्रेस रोडचे मैदान

इंग्लंडच्या मध्यभागी लेस्टर नावाचे एक जुने शहर आहे. पायमोजे, विणलेले कपडे आणि पादत्राणे यांच्या कारखान्यांबद्दल ते एके काळी प्रसिद्ध होते. या शहराच्या दक्षिण भागात, विटांच्या साध्या घरांच्या रांगांमध्ये, ग्रेस रोड नावाचे क्रिकेटचे मैदान आहे. मैदान काही भव्य नाही. तेथे कसोटी सामने होत नाहीत. लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानाचे वैभव ज्याने पाहिले आहे, त्याला येथे फारसे नवल वाटणार नाही. परंतु या मैदानावर तयार झालेल्या आणि मग ते सोडून गेलेल्या खेळाडूंची हकिकत मात्र ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंडचे जे जुने प्रांतविभाग आहेत, त्यांना काउंटी म्हणतात. वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळणारे असे अठरा काउंटी क्लब आहेत. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे तिकडचा उन्हाळा असेपर्यंत, त्यांचे सामने चालतात. ज्या संघाची कामगिरी सर्वांत सरस ठरते, त्यास काउंटी अजिंक्यपद मिळते. लेस्टरशायर हा या अठरांपैकी एक क्लब. त्याची स्थापना 1879 साली झाली. तो श्रीमंत नव्हता व आजही नाही. सभासदांची वर्गणी, प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसे आणि देशाच्या क्रिकेट मंडळाकडून मिळणारा वाटा, यांवरच मुख्यतः त्याला आपला संसार चालवावा लागतो. ज्या क्लबांच्या मैदानांवर कसोटी सामने होतात, त्यांना मोठ्या गर्दीचे उत्पन्न लाभते. ते भाग्य ग्रेस रोडच्या वाट्याला आले नाही.

1895 सालापासून लेस्टरशायरचा संघ अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरू लागला. पुढे कितीतरी वर्षे तळाच्या जागा जणू त्याच्यासाठीच राखून ठेवलेल्या होत्या! हे दैन्य पालटले ते एका परक्या काउंटीच्या खेळाडूमुळे.

त्या खेळाडूचे नाव रे इलिंगवर्थ. तो यॉर्कशायरचा. यॉर्कशायर ही काउंटी मोठी मानी. आपल्या हद्दीत जन्मलेल्या खेळाडूंनीच आपल्याकडून खेळावे, असा तिचा दंडक होता. (पुढे हा दंडक सैल झाला आणि 1992 साली त्या क्लबाने पहिला परदेशी खेळाडू म्हणून ज्याला आपल्या संघात घेतले, तो होता मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर.) इलिंगवर्थने या संघासाठी सतरा-अठरा वर्षे घाम गाळला होता. वयाची छत्तिशी गाठल्यावर त्याला पुढील काळाची चिंता वाटू लागली. तेव्हा त्याने आपल्या क्लबाकडे एक साधी मागणी केली. ‘वर्षावर्षाने नव्हे, तर एकदम तीन वर्षांचा करार मला द्या,’ असे त्याचे म्हणणे होते. क्लबाने ते मानले नाही. ज्याला जायचे असेल त्याने खुशाल जावे, असाच त्या चालकांचा बाणा होता. लेस्टरशायरचे चिटणीस माइक टर्नर हे धोरणी गृहस्थ होते. त्यांनी ही संधी दवडली नाही. 1969 साली इलिंगवर्थ ग्रेस रोडवर आला आणि लेस्टरशायरचा कर्णधार झाला. त्याच वर्षी तो इंग्लंडचाही कर्णधार झाला! ज्याची किंमत स्वतःच्या घराला कळली नाही, ती साऱ्या देशाला कळली.

इलिंगवर्थच्या हाताखाली जमलेला संघ पाहिला, तर एक गंमत ध्यानात येते. केन हिग्ज लँकशायरहून आला होता. जॅक बर्कनशॉ आणि ख्रिस बॉल्डरस्टोन हे इलिंगवर्थप्रमाणेच मूळचे यॉर्कशायरकर. ग्रॅहॅम मॅकेंझी तर ऑस्ट्रेलियाचा. दुसरीकडे ज्यांना वाव मिळाला नाही किंवा ज्यांचे मन रमले नाही, अशांना या गरीब क्लबाने आसरा दिला होता. 1972 साली या संघाने पहिली मोठी स्पर्धा जिंकली आणि 1975 साली, ऐंशी वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, काउंटी अजिंक्यपद मिळवले.

त्या 1975 सालच्या अखेरच्या सामन्याची एक आठवण इंग्लंडात अजून सांगतात. सामना डर्बीशायरविरुद्ध, चेस्टरफील्ड गावी चालला होता. 15 सप्टेंबरला दिवसाचा खेळ संपला, तेव्हा बॉल्डरस्टोन 51 धावांवर नाबाद होता. दुसऱ्या कोणी अशा वेळी आंघोळ करून विश्रांती घेतली असती. परंतु बॉल्डरस्टोन धंदेवाईक फुटबॉलपटूही होता. त्याने घाईघाईने कपडे बदलले, मोटारीतून डॉन्कास्टर गाठले आणि त्याच संध्याकाळी तेथील संघाकडून फुटबॉलचा संपूर्ण सामना खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा चेस्टरफील्डच्या मैदानावर हजर! त्याने आपले शतक पुरे केले, नंतर तीन बळीही घेतले, आणि अजिंक्यपद लेस्टरशायरच्या पदरात पडले. ऐकताना हसू येते खरे. परंतु उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल अशा दोन्ही खेळांवर त्याचा चरितार्थ चालत असे, हेही त्यात दिसतेच. खेळाडूचे आयुष्य आखूड असते. तिशी-पस्तिशी उलटली की अंग साथ देईनासे होते. इलिंगवर्थने तीन वर्षांचा करार मागितला होता तो याच जाणिवेने.

1996 आणि 1998 या वर्षी लेस्टरशायरने पुन्हा अजिंक्यपद पटकावले. मोजके खेळाडू, त्यांच्यात विलक्षण एकजूट, आणि जोडीला त्रिनिदादचा फिल सिमन्स, एवढ्या भांडवलावर त्याने धनाढ्य क्लबांना मागे टाकले. परंतु याच सुमारास इंग्लंडातील क्रिकेटची व्यवस्था पालटत होती. 2000 साली अठरा संघांचे दोन विभाग करण्यात आले. पहिल्या विभागात जे तळाला राहतील, त्यांनी दुसऱ्यात उतरावे, असा नियम झाला. 2003 साली लेस्टरशायरचा संघ खाली उतरला, आणि येथून त्याच्या खऱ्या दुःखाला सुरुवात झाली.

होतकरू मुलाला क्रिकेटपटू करणे हे दीर्घ काळाचे काम आहे. काउंटी क्लब दहा-बारा वर्षांची मुले निवडतो. हिवाळ्यात बाहेर गारठा असतो, म्हणून छपराखाली जाळी बांधून त्यांचा सराव चालतो. शिक्षक त्यांच्या चुका सुधारतात. अशा पन्नास मुलांतून एखादाच मोठ्या संघापर्यंत पोहोचला, तरी क्लब धन्यता मानतो. अशा खेळाडूशी क्लब करार करतो. कराराची मुदत संपत आली की, दुसरे क्लब रीतसर सूचना देऊन त्याच्याशी बोलणी करू शकतात. मग अधिक वेतन, पहिल्या विभागातील खेळ आणि कसोटीचे मैदान अशी तीन आमिषे त्याच्यापुढे येतात.

लेस्टरपासून अवघ्या चाळीस किलोमीटरांवर नॉटिंगहॅम शहर आहे. तेथील ट्रेंट ब्रिज मैदानावर 1899 सालापासून कसोटी सामने होत आले आहेत. स्टुअर्ट ब्रॉड या उंच वेगवान गोलंदाजाने 2005 साली लेस्टरशायरकडून आपल्या कारकिर्दीस प्रारंभ केला. तीनच मोसमांनंतर, 2008 साली, तो नॉटिंगहॅमशायरकडून खेळू लागला. 2023 साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर कसोटीतील 604 बळी होते. 2011 साली लेस्टरशायरने वीस षटकांची स्पर्धा जिंकली. सारे शहर आनंदात होते. पण त्या विजयी संघातील जेम्स टेलर आणि हॅरी गर्नी हे दोघे पुढच्याच मोसमात नॉटिंगहॅमला गेले. 2014 सालच्या अखेरीस तर घरच घर सोडून निघाल्यासारखे झाले. जॉश कॉब, नेथन बक आणि शिव ठाकोर, तिघेही लेस्टर शहरात जन्मलेले. कॉब नॉर्दॅम्प्टनशायरला, बक लँकशायरला आणि ठाकोर डर्बीशायरला गेला. सप्टेंबर 2012 पासून जून 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षे, लेस्टरशायरला अजिंक्यपदाच्या स्पर्धेतील एकही सामना जिंकता आला नाही.

या सर्वांना कृतघ्न म्हणावे काय? ग्रेस रोडच्या लाकडी बाकांवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या वृद्ध सभासदांपैकी काहींना तसे वाटले असल्यास नवल नाही. ज्या मुलाचा पहिला बळी त्यांनी पाहिला, त्यालाच प्रतिपक्षाच्या टोपीत पाहणे त्यांना जड गेले असणार. परंतु ब्रॉडचा जन्म नॉटिंगहॅमचा. त्याचे वडीलही त्या काउंटीकडून खेळलेले. कसोटी संघात जागा मिळवायची, तर तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांशी खेळले पाहिजे, हा त्याचा विचार चुकीचा म्हणता येत नाही. आणि खेळाडूने क्लब बदलणे हाच जर अपराध असेल, तर इलिंगवर्थच्या वेळी तो अपराध लेस्टरशायरच्या फार उपयोगी पडला होता! तरीही एक गोष्ट खटकतेच. झाड एकाने लावावे, पाणी त्यानेच घालावे, आणि फळ हाती येण्याच्या वेळी शेजाऱ्याने फांदी ओढून घ्यावी, असे वारंवार होऊ लागले तर लावणाऱ्याचा हात थबकतो. उशिरा पैसे ओतणाऱ्याला सर्व आणि लहानपणी शिकवणाऱ्याला थोडे, ही वाटणी न्यायाची नव्हे.

लेस्टरशायरचा हात मात्र थबकला नाही. नॉटिंगहॅम येथे जन्मलेला रेहान अहमद हा फिरकी गोलंदाज या वेळी उलट दिशेने आला. तो लेस्टरशायरच्या संघातून पुढे आला आणि डिसेंबर 2022 मध्ये कराची येथे, वयाच्या अठराव्या वर्षी, इंग्लंडचा सर्वांत लहान कसोटीवीर ठरला. महाराष्ट्राचा अजिंक्य रहाणेही 2024 साली या क्लबाकडून खेळला आणि कार्डिफ येथे त्याने शतक झळकावले.

2023 साली एकदिवसीय चषकाच्या अंतिम सामन्यात लेस्टरशायरची गाठ हॅम्पशायरशी पडली. सामन्याचे स्थळ होते तेच, नॉटिंगहॅमचे ट्रेंट ब्रिज. शंभर धावांच्या आत लेस्टरशायरचे सहा गडी बाद झाले. त्या वेळी हॅरी स्विंडेल्स हा लेस्टरमध्येच जन्मलेला यष्टिरक्षक खेळपट्टीवर उभा राहिला आणि नाबाद 117 धावा काढून परतला. हॅम्पशायरला अखेरच्या षटकात आठ धावा हव्या होत्या. कर्णधाराने चेंडू दिला तो एकोणीस वर्षांच्या जॉश हलच्या हाती. साऱ्या मैदानाचा श्वास रोखला गेला होता. हलने त्या षटकात विजयापुरत्या धावा निघू दिल्या नाहीत आणि लेस्टरशायरने तो सामना दोन धावांनी जिंकला.

त्यानंतर दोन वर्षांनी, 2025 च्या सप्टेंबरमध्ये, लेस्टरशायरने दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवले. बावीस वर्षांपूर्वी गमावलेली पहिल्या विभागातील जागा त्याला परत मिळाली. त्या मोसमात रेहान अहमद लेस्टरशायरकडूनच खेळला होता.