विसाव्याचे मोल

वैशाखातील पहाटे नांगरणीस लागलेला शेतकरी सूर्य डोक्यावर येण्याच्या सुमारास औत सोडतो. बैलांच्या मानेवरील जू उतरवून तो त्यांना पाणी पाजतो, झाडाच्या सावलीत बांधतो, पुढ्यात वैरण टाकतो आणि मगच आपल्या भाकरीची गाठ सोडतो. शेत अर्धेच नांगरून झालेले असते आणि पाऊसही फार दूर नसतो. तरीही औत सुटते. थकलेला बैल तास वाकडे धरतो, पाऊल मंद टाकतो आणि एखादे वेळी तासातच बसकण मारतो, हे त्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. एका प्रहराच्या लोभाने दोन दिवसांचे काम बुडविणे त्याला परवडत नाही. म्हणून दुपारचा विसावा हा त्याच्या दृष्टीने कामातील खंड नसून कामाचाच एक भाग असतो. बैलपोळ्याला तर बैलांच्या मानेवर जू म्हणून ठेवावयाचे नाही, असा आपल्याकडील रिवाजच आहे.

विश्रांती आणि आळस यांची गल्लत पुष्कळ जण करतात. वस्तुतः या दोहोंत दिवस-रात्रीइतके अंतर आहे. आळशी माणूस काम सुरू होण्यापूर्वीच बसतो. उद्योगी माणूस काम करून बसतो आणि पुन्हा उठून कामास लागतो. आळसाला शेवट नसतो, विश्रांतीला असतो. एकाने अंगातील शक्ती गंजते, तर दुसरीने ती पुन्हा भरून येते.

आपल्या शरीरातच याचे एक उत्तम उदाहरण आहे. हृदय जन्मापासून मरणापर्यंत अखंड काम करते, असे आपण म्हणतो. परंतु तेही विसावा घेतच असते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय एका मिनिटात सुमारे ७० ते ७५ वेळा स्पंदन पावते. म्हणजे एका स्पंदनास एका सेकंदाचे जवळजवळ आठ दशांश इतका वेळ लागतो. त्यांपैकी सुमारे तीन दशांश सेकंद हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतात आणि उरलेले पाच दशांश सेकंद ते सैल पडतात. दिवसाच्या २४ तासांचा हिशेब केला, तर त्यांतील सुमारे १५ तास हे कप्पे शिथिल असतात. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना, विशेषतः त्याच्या डाव्या बाजूस, रक्ताचा पुरवठाही मुख्यतः याच विसाव्याच्या क्षणांत होतो. हृदय थोडे काम करते, थोडे थांबते, पुन्हा काम करते. म्हणूनच ते वर्षानुवर्षे चालू राहते.

जे हृदयाचे, तेच इतर स्नायूंचे. स्नायू आवळला की त्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तो सैल पडला की रक्त मोकळेपणाने वाहू लागते, स्नायूस पोषक द्रव्ये आणि प्राणवायू आणून देते आणि साचलेली टाकाऊ द्रव्ये वाहून नेते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटली देशातील तुरीन शहरी आंजेलो मोस्सो नावाचे शास्त्रज्ञ थकव्याचा अभ्यास करीत होते. त्यांनी एक साधेच, पण कल्पक यंत्र तयार केले. माणसाचा हात फळीवर स्थिर ठेवावयाचा, एका बोटास दोरी बांधून ती कप्पीवरून खाली सोडावयाची आणि तिला वजन टांगावयाचे. बोट आखडले की वजन वर उचलले जाई आणि किती उचलले गेले त्याची रेघ फिरत्या नळकांड्यावरील कागदावर आपोआप उमटे. बोट न थांबता हालवीत राहिले, तर रेघा हळूहळू आखूड होत आणि शेवटी वजन जागचे हलेनासे होई. परंतु दोन खेपांमध्ये दहा सेकंदांची उसंत मिळाली, तर तेच बोट तेच वजन न थकता उचलीत राही.

याच प्रयोगशाळेत आणखी एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. बोट पूर्ण थकेपर्यंत काम केले, तर त्याला ताजेतवाने होण्यास फार वेळ लागे. त्याच्या निम्म्यावर काम थांबविले, तर लागणारी विश्रांती मात्र निम्मी नव्हे, तर त्याहूनही पुष्कळच कमी पुरे होई. याचा अर्थ असा की, अगदी गळून जाईपर्यंत थांबावयाचे नाही हा हट्ट महागात पडतो. शेवटचे थोडेसे काम सर्वांत अधिक शक्ती घेऊन जाते.

इटलीत हे प्रयोग चालू होते, त्याच काळात मुंबईतील हजारो माणसे याच सत्याचा कठोर अनुभव घेत होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढील तीस वर्षांत शहरात अनेक गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि देशावरून आलेले स्त्री-पुरुष आणि मुलेही त्यांत कामाला लागली. गिरणीत विजेचे दिवे येण्यापूर्वीचा तो काळ होता. म्हणून उजाडले की यंत्रे सुरू होत आणि मावळले की थांबत. उन्हाळ्यात हा कामाचा दिवस तेरा तासांच्याही वर जाई. दुपारची सुटी नावापुरतीच असे. कित्येकांना भाकरीचे चार घास यंत्राजवळच उरकावे लागत. हवेत कापसाचे तंतू तरंगत, कानांत यंत्रांचा घणघणाट भरून राही. आठवड्याची हक्काची सुटी तर नव्हतीच. यंत्रे पुसावयाची असली, की रविवारीही कामावर जावे लागे. १८८१ साली सरकारने कारखान्यांसाठी पहिला कायदा केला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी रोजचे नऊ तास, दिवसातून एक तास विसावा आणि महिन्यातून चार सुट्या ठरवून दिल्या. मोठ्यांच्या कामाच्या तासांविषयी किंवा सुटीविषयी मात्र त्यात काहीच नव्हते.

बैलाला मिळणारा विसावा माणसाला मिळत नव्हता. ही गोष्ट ज्यांच्या मनाला लागली, ते गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८ साली झाला. ते महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. रेल्वे आणि टपाल खात्यांत नोकरी केल्यानंतर ते मुंबईतील एका गिरणीत भांडारपाल झाले. तेथे कामगारांचे हाल त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसू लागले. १८८० साली त्यांनी ‘दीनबंधु’ पत्राची सूत्रे हाती घेतली आणि त्या पत्रातून ते कामगारांची बाजू मांडू लागले.

१८८४ साली सरकारने कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक मंडळ नेमले. ही संधी साधून लोखंडे यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने एक अर्ज तयार करण्यात आला. त्यातील मागण्या पाहिल्या की, त्या काळी काय मिळत नव्हते, ते आपोआप कळते. दर रविवारी पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे. मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा आणि कामावर असता इजा झाली, तर भरपाई मिळावी. पाच मागण्यांतील पहिल्या तिन्ही विसाव्यासंबंधीच्या होत्या! अर्धा तास आणि एक दिवस, एवढेच मागणे. परंतु त्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची प्रचंड सभा भरली. स्त्री-कामगारही तिला मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि त्यांच्यापैकी दोघींनी सभेपुढे उभे राहून भाषणे केली. चूल-पोतेरे आटोपून गिरणीत जाणाऱ्या आणि गिरणीतून येऊन पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांइतकी विश्रांतीची किंमत दुसऱ्या कोणाला कळणार? या सभेने साप्ताहिक सुटीची मागणी पुन्हा निश्चयाने पुढे मांडली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी-मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. कित्येक कामगारांचे कुलदैवत खंडोबा. रविवार हा त्याचाच वार. त्या वारी आता भोंगा वाजणार नव्हता. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९१ साली, सरकारने कायदा सुधारला. त्यात सर्वांसाठी आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्ध्या तासाचा विसावा यांचा समावेश झाला. स्त्रियांच्या कामाची मर्यादा दिवसाला अकरा तास ठरली आणि मुलांचे तास नवांवरून सातांवर आले.

काम करण्याचा वेळ घटला की तयार होणारा माल घटणारच, असा हिशेब त्या काळी सर्वत्र मांडला जात असे. कागदावर हा हिशेब बरोबर दिसतो. परंतु त्यात माणसाचा थकवा धरलेला नसतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये याची परीक्षा झाली. दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार रविवारीही राबत होते. १९१५ साली तेथील सरकारने कामगारांच्या आरोग्याविषयी एक समिती नेमली. थकलेल्या हातांनी माल कमी निघतो, बिघडतो आणि अपघातही होतात, असे तिला आढळले. रविवारचे काम बंद करावे, अशी शिफारस तिने केली. जेथे फाजील तास कमी करण्यात आले, तेथे दर तासाचे काम वाढले आणि काही ठिकाणी तर एकूण मालही पूर्वीपेक्षा अधिक निघू लागला. युद्धासारख्या घाईच्या वेळीसुद्धा विसावा हाच अधिक कामाचा मार्ग ठरला.

भारत स्वतंत्र झाल्यानंतर १९४८ साली कारखान्यांचा नवा कायदा झाला. सलग पाच तासांहून अधिक वेळ कामगाराकडून काम घेऊ नये, त्यापूर्वी त्याला निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम त्यात घालण्यात आला. परळच्या सभेत मागितलेला अर्धा तास अशा रीतीने देशाच्या कायद्यात पक्का होऊन बसला. ते पाहण्यास लोखंडे राहिले नव्हते. मुंबईत प्लेगची साथ पसरली असता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले होते. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हाताच्या कामास लागू असलेला नियम बुद्धीच्या कामासही लागू आहे. परीक्षा जवळ आली की काही विद्यार्थी पुस्तक उघडून तासन्‌तास एकाच जागी बसतात. पहिला तास चांगला जातो. पुढे डोळे ओळींवरून फिरतात, पण अर्थ मनात उतरत नाही. पान उलटले जाते, एवढेच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एखादी गोष्ट एकाच बैठकीत अनेकदा घोकण्यापेक्षा तीच आवर्तने काही दिवसांत विभागून केली, तर कमी श्रमांत पाठ होते, असे त्यांना दिसून आले. पेरलेल्या बियाण्यास रुजण्यासाठी जसा अवधी लागतो, तसा तो शिकलेल्या गोष्टीसही लागतो.

तथापि विसावा कसा घ्यावा, हेही शिकावे लागते. तो ठरलेल्या वेळी घ्यावा आणि ठरलेल्या वेळी संपवावा. गणिते सोडवून डोके शिणले असता दुसरे पुस्तक डोळ्यांपुढे धरणे, किंवा त्याच डोळ्यांनी चित्रपट पाहत बसणे, हा खरा विसावा नव्हे. जो अवयव थकला, त्याला मोकळा सोडावयाचा आणि जो बसून राहिला, त्याला हालवावयाचे. वाचून थकलेल्या मुलाने अंगणात चार फेऱ्या माराव्या, झाडांना पाणी घालावे, दूरच्या डोंगराकडे किंवा आकाशाकडे पाहावे. खेळून दमलेल्याने स्वस्थ बसावे. शाळेतील मधली सुटी याच विचाराने ठेवलेली असते. जो विद्यार्थी ती बुडवून कोपऱ्यात राहिलेला अभ्यास करीत बसतो, तो पुढच्या तासाचा अभ्यास हरवून बसतो.

आणि आपल्याप्रमाणेच इतरांनाही विसावा हवा असतो, ही जाणीव ठेवणे त्याहूनही मोठे आहे. दिवसभर घरात राबणारी आई, भर उन्हात ओझे वाहणारा हमाल, शेतात खुरपणी करणारी मजूर स्त्री, यांच्या कष्टांवर आपले दिवस सुखाने जातात. त्यांच्या हातातील काम घटकाभर आपल्या हाती घेणे, हीच त्यांच्या श्रमांची खरी कदर होय. रविवारच्या सकाळी घरोघरी जी निवांत शांतता पसरते, ती कोणाच्या तरी सहा वर्षांच्या झगड्यातून मिळालेली आहे. तिचा उपभोग घेताना ज्यांना अजून तो दिवस मिळत नाही, त्यांची आठवण ठेवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय

१. शेत अर्धेच नांगरून झाले असताना शेतकरी औत का सोडतो?
२. विश्रांती आणि आळस यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
३. परळच्या सभेतील अर्जात कोणत्या पाच मागण्या होत्या?
४. तुमच्या घरातील कोणत्या व्यक्तीला सर्वांत कमी विसावा मिळतो? तो मिळावा म्हणून तुम्ही काय कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.