तार तुटली तरी वाचनालय उघडे

गेल्या पावसाळ्यात शाळेत घडलेल्या एका लहानशा प्रसंगापासून ह्या लेखास आरंभ करतो. आषाढाचे दिवस होते. टेबललँड धुक्यात बुडाले होते, घाटात झाडे पडली होती, आणि शाळेत इंटरनेट आणणारी तार कोठेतरी तुटून चार दिवस झाले होते. नववीच्या वर्गास सह्याद्रीतील खडकांवर निबंध लिहावयाचा होता. "वायफाय गेले आहे, निबंध पुढील आठवड्यात पाहू," असे सांगून मी मोकळा झालो. तेव्हा मागील बाकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, वायफायची खूण तर पूर्ण दिसते आहे. मग गेले ते काय?"

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे नीट उत्तर त्या वेळी मला देता आले नाही. पुढे जे वाचले व हाताने करून पाहिले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहे.

बोलताना आपण 'वायफाय' व 'इंटरनेट' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. इंटरनेट म्हणजे जगभरच्या संगणकांना जोडणारे जाळे. वायफाय म्हणजे जवळच्या एखाद्या यंत्रापासून आपल्या हातातील यंत्रापर्यंतची बिनतारी वाट. मग त्या यंत्रामागे इंटरनेट असो वा नसो. पसरणी घाटात दरड कोसळली म्हणजे वाईस जाणे बंद होते. परंतु शाळेच्या आवारात वर्गातून वाचनालयाकडे जाणारी पायवाट काही बंद होत नाही. त्या चार दिवसांत आपली पायवाट शाबूत होती. उणीव इतकीच होती की, तिच्या टोकास वाचनालय नव्हते.

ही पायवाट तयार करणाऱ्या साधनास 'अॅक्सेस पॉइंट', म्हणजे बिनतारी प्रवेशद्वार, असे म्हणतात. घरोघरी असते त्या वायफायच्या पेटीत हे प्रवेशद्वार असतेच, परंतु त्याखेरीज आणखी दोन कामे ती पेटी करते. ही तिन्ही कामे वसतिगृहाच्या दृष्टान्ताने चटकन समजतील. पहिले काम द्वारपालाचे : दारावर उभे राहून परवलीचा शब्द विचारणे व तो बरोबर असल्यास आत घेणे. दुसरे गृहपालाचे : आत आलेल्या प्रत्येकास खाटेचा क्रमांक देणे, म्हणजे कोणाचे पत्र कोणास द्यावयाचे ह्यात घोटाळा होत नाही. तिसरे टपाल नेणाऱ्या शिपायाचे : सर्व मुलांची पत्रे वसतिगृहाच्या एकाच पत्त्यावरून बाहेर धाडणे, आणि उत्तरे आली की ज्याची त्यास पोहोचविणे. बाहेरची तार तुटते तेव्हा केवळ हा शिपाई अडून बसतो. द्वारपाल व गृहपाल आपापल्या जागी कामावर असतातच. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होय.

आता ही तिन्ही कामे एखाद्या लहान संगणकाकडे सोपविली, आणि त्याच्याच पोटात पुस्तकेही ठेवली तर? असा संगणक हल्ली सहज मिळतो. इंग्लंडातील केंब्रिज येथे एबेन अप्टन व त्यांचे सहकारी ह्यांनी, मुलांस स्वस्त संगणक मिळावा व त्याची रचना त्यांनी स्वतः हाताळून शिकावी ह्या हेतूने, 'रास्पबेरी पाय' नावाचा संगणक तयार केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो प्रथम विक्रीस आला. त्या नमुन्याची किंमत ३५ डॉलर होती. नाव ऐकून आपल्या डोंगरावरील रासबेरीची आठवण होईल, पण फळाशी त्याचा संबंध नावापुरताच. एकाच पट्टीवर सर्व भाग बसविलेला हा संगणक ८५ मिलिमीटर लांब व ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्याहूनही लहान असतो. २०१६ साली निघालेल्या तिसऱ्या नमुन्यापासून बिनतारी संदेशाचे साधनही त्या पट्टीवरच येऊ लागले. म्हणून आपल्या कामास तिसरा किंवा त्यापुढील नमुना घ्यावा.

कृती येणेप्रमाणे. नखाएवढ्या स्मृतिपत्रिकेवर, जिला मेमरी कार्ड म्हणतात, संगणकाची मूळ कार्यप्रणाली उतरवून घ्यावी. संगणक प्रथम सुरू होताना देश विचारला जातो, तेथे भारत निवडण्यास विसरू नये. कोणत्या लहरी किती जोराने सोडावयाच्या ह्याचे नियम देशोदेशी वेगळे असतात. देश न सांगितल्यास हा संगणक आपले बिनतारी साधन बंदच ठेवतो. पूर्वी द्वारपाल व गृहपाल ह्यांच्यासाठी दोन वेगळे कार्यक्रम बसवून त्यांच्या सूचना हाताने लिहाव्या लागत. २०२३ च्या आवृत्तीपासून ते काम पुष्कळ सोपे झाले आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील जाळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' व त्यातील 'क्रिएट वायरलेस हॉटस्पॉट' निवडावे; जाळ्यास नाव द्यावे व परवलीचा शब्द ठरवावा. वीज जाऊन पुन्हा आली असता हे जाळे आपोआप उभे राहावे, अशी खूणही त्याच्या मांडणीत करून ठेवावी. गृहपालाचे काम मग आपोआप सुरू होते. तो स्वतःस १०.४२.०.१ हा पत्ता घेतो आणि येणाऱ्यांस त्याच मालिकेतील पुढचे पत्ते वाटतो. पट्टीवरील बिनतारी साधन ह्या कामी गुंतल्यामुळे, बाहेरचे इंटरनेटही द्यावयाचे असेल तर ते तारेने पट्टीस जोडावे.

राहिली पुस्तके. 'किविक्स' नावाचा एक विनामूल्य कार्यक्रम आहे. त्याच्या योगे संपूर्ण विकिपीडिया एका बंद गठ्ठ्याप्रमाणे आणून आपल्या संगणकावर ठेवता येतो आणि इंटरनेटवाचून वाचता येतो. १ मे २००३ रोजी आरंभ झालेला मराठी विकिपीडियाही त्यात मिळतो. आम्ही ह्या वाचनालयास ८०८० हा दारक्रमांक दिला. आता विद्यार्थ्याने शाळेच्या जाळ्यात शिरून आपल्या यंत्रावर १०.४२.०.१:८०८० एवढे इंग्रजी अंकांत लिहिले की ग्रंथांची यादी समोर येते. यंत्र कुरकुरते की, ह्या जाळ्यात इंटरनेट नाही. तरी तेथेच राहावयाचे, असे त्यास सांगावे.

पहिल्याच दिवशी सर्व सुरळीत झाले, असे मात्र कोणी समजू नये. प्रथम मी घरातील जुन्या मोबाइलच्या चार्जरवर ही पट्टी चालविली. तीस पुरेशी वीज मिळेना व ती घडोघडी बंद पडून पुन्हा सुरू होई. योग्य चार्जर आणल्यावर तो दोष गेला. नंतर चोरीच्या भीतीने पट्टी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावले, तो बाहेर जाळे दिसेनासेच झाले! धातूचा पत्रा ह्या लहरी अडवितो, हे मी स्वतः वर्गात शिकवीत असतो. कपाट बंद करताना ते आठवले नाही, इतकेच. ह्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, आणि आपल्या जुन्या इमारतींच्या जाड दगडी भिंतींतून त्या फार क्षीण होऊन जातात. म्हणून पट्टी वर्गातच, उंच व उघड्या जागी ठेवावी. तिच्याने मोजक्याच यंत्रांची सोय होते, हेही ध्यानात असावे. एक वर्ग, आणि दोघांत एक यंत्र, असा हिशोब ठीक.

आमच्या देशात ह्या लहरी घरी वा शाळेत वापरण्यास परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यास सरकारने जानेवारी २००५ मध्ये ठरावीक शक्तीच्या मर्यादेत ती मोकळीक दिली. परंतु ह्या लहरी दूर जात नाहीत. दूरच्या खेड्यात इंटरनेट पोहोचविण्यासाठी मुंबईच्या आय. आय. टी. तील संशोधकांनी 'ग्राम मार्ग' ह्या प्रकल्पात पालघर भागातील सात गावी निराळा प्रयोग केला. दूरदर्शनच्या लहरींपैकी जो भाग रिकामा पडून होता, त्यावरून त्यांनी गावापर्यंत संदेश आणला आणि गावात वायफायने वाटला. अधिक लांबीच्या लहरी झाडी व चढउतार अधिक चांगल्या रीतीने ओलांडतात, हे त्यामागील तत्त्व. ह्या प्रकल्पास २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. लांबचा रस्ता व जवळची पायवाट ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत, हेच तेथेही दिसून येते.

पालकांसाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. जो प्रवेशद्वार राखतो, त्यास आत येणारे कोणत्या ठिकाणी जातात हे पुष्कळ अंशी दिसू शकते. यास्तव मुलांनी बाजारात वा बसस्थानकावर दिसेल त्या अनोळखी जाळ्यात शिरू नये. तसेच ज्याच्या हाती असे दार आले, त्याने दुसऱ्याच्या संस्थेचे नाव आपल्या जाळ्यास देऊ नये, व कोणाच्या खाजगी गोष्टीत डोकावू नये. परवलीचा शब्द निदान आठ अक्षरांचा लागतोच. तो अधिक लांब असावा, आणि शाळेचे नाव किंवा जन्मतारीख हा नसावा. पट्टी घेण्याचा खर्च प्रत्येक घराने करावा, असेही माझे म्हणणे नाही. दहा घरांत किंवा गावच्या समाजमंदिरात मिळून एक असली तरी पुरे.

घाट उतरला की वाई लागते. तेथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. वर महाबळेश्वरच्या वाटेवरील भिलार हे ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले आहे, आणि तेथे घरोघरी पाहुण्यांसाठी पुस्तके मांडलेली आहेत. ज्ञान हाताशी ठेवावे, ही गोष्ट आपल्या ह्या डोंगरास नवी नाही. आपली पट्टी त्यात एका लहानशा कपाटाची भर घालते, इतकेच.

दिवाळीच्या सुटीनंतर हे वाचनालय नववीच्या वर्गास दाखविले. सर्वांसमक्ष मी बाहेरची तार उपसून टेबलावर ठेवली, आणि ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता तिलाच पुढे बोलाविले. तिने 'बेसाल्ट' हा शब्द शोधला व पान उघडले. निबंध त्याच आठवड्यात लिहून झाले. येत्या पावसाळ्यात तार पुन्हा तुटेल, ह्यात मला संशय नाही. परंतु त्या कारणाने अभ्यास पुढे ढकलण्याची सबब आता मजपाशी उरली नाही, आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापाशीही नाही.