उचल, नफा आणि कर : अमेरिकेत छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्या नवागतांसाठी

महाराष्ट्रात वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना ‘उचल’ हा शब्द अकरावीच्या पुस्तपालनापासून परिचित असतो : मालकाने घरखर्चासाठी धंद्यातून काढलेली रक्कम ती उचल, आणि ती खर्चात न धरता भांडवलातून वजा करावयाची असते. अमेरिकेत एकट्या मालकाच्या व्यवसायावर कर आकारतानाही हेच तत्त्व पाळले जाते. तरीही तेथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे नवागतांना सर्वांत आधी याच बाबीत सावध करतात, कारण जेवढे पैसे घरी नेले तेवढ्यावरच कर भरावा लागेल, अशा समजुतीत पहिले वर्ष निघून जाते आणि एप्रिल महिन्यात हाती पैसा नसतो. कर उचलीवर नव्हे, तर नफ्यावर लागतो. मग तो नफा घरी नेला असो किंवा व्यवसायाच्या बँकखात्यात तसाच पडून असो.

न्यू जर्सीतील एडिसन येथे डबे पुरवणाऱ्या एखाद्या मालकिणीला वर्षाअखेर ६०,००० डॉलर निव्वळ नफा झाला आणि तिने त्यातील २५,००० डॉलरच घरी नेले असे मानले, तरी तिच्या व्यक्तिगत विवरणपत्रात ‘शेड्यूल सी’ या पुरवणीद्वारे पूर्ण ६०,००० डॉलर उत्पन्न म्हणून येतात. एकाच सभासदाची एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची संस्था, नोंदवली तरी वेगळा पर्याय निवडल्याखेरीज हा हिशेब बदलत नाही. या उत्पन्नावर आयकराखेरीज स्वयंरोजगार कर लागतो, आणि भारतातून आलेल्यांचा अंदाज चुकतो तो येथेच. नोकरदाराच्या सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर या सामाजिक सुरक्षा योजनांची अर्धी वर्गणी मालक भरतो. स्वतःच मालक असलेल्याला दोन्ही हिस्से भरावे लागतात. नफ्याच्या ९२.३५ टक्के, म्हणजे येथे ५५,४१० डॉलर, यावर १५.३ टक्के दराने ही रक्कम सुमारे ८,४७८ डॉलर होते. तिच्यातील निम्मी रक्कम आयकराचा हिशेब करताना उत्पन्नातून वजा मिळते, एवढाच दिलासा.

हा कर वर्षाअखेर एकरकमी भरून चालत नाही. भारतातील आगाऊ कराप्रमाणेच त्याचे चार हप्ते असून ते साधारणपणे १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढील वर्षाच्या १५ जानेवारीस देय होतात. ग्राहकाचे पैसे जमा झाले की त्याच दिवशी त्यातील ठरावीक हिस्सा वेगळ्या बचत खात्यात वळवावा आणि व्यवसायाच्या कार्डावर घरचा किराणा कधीही घेऊ नये, ही जुन्या कुटुंबांची शिस्त कोणत्याही करनियोजनापेक्षा अधिक मोलाची आहे.

भागीदारीबाबत मात्र भारतातील अनुभव दिशाभूल करतो. भारतात भागीदारी संस्था स्वतः कर भरते आणि नफ्यातील वाटा भागीदाराच्या हाती करमुक्त असतो. अमेरिकेत भागीदारी संस्था सर्वसाधारणपणे आयकर भरत नाही आणि प्रत्येक भागीदाराला त्याच्या वाट्यावर, तो प्रत्यक्षात हाती आला नसला तरी, कर भरावा लागतो. म्हणून करापुरती तरी रक्कम दरवर्षी वाटली जाईल, असे कलम भागीदारी करारात लिहून घेणे अगत्याचे ठरते.

नफा वाढू लागला की ‘एस कॉर्पोरेशन’चा पर्याय सुचवला जातो. यात काम करणारा मालक स्वतःला वेतन देतो व उरलेला नफा वाटप म्हणून घेतो, आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी वेतनावरच लागते. मात्र ते वेतन कामाच्या मानाने वाजवी असावे लागते. आयोवातील एका लेखापालाने वर्षाला २४,००० डॉलर वेतन घेऊन त्याच्या अनेक पट रक्कम वाटपाद्वारे काढली, तेव्हा ९१,०४४ डॉलर हे वाजवी वेतन असल्याचा निर्णय आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवला. शिवाय करदृष्ट्या अनिवासी असलेल्या परकीय व्यक्तीला अशा संस्थेचे भागधारक होता येत नाही, त्यामुळे एफ-१ व्हिसावर नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला हा मार्ग बंद असतो. करदृष्ट्या निवासी ठरणे म्हणजे काम करण्याची परवानगी मिळणे नव्हे, हेही एच-१बी व एच-४ व्हिसाधारकांनी आधी तपासून घ्यावे. ‘सी कॉर्पोरेशन’मध्ये नफ्यावर २१ टक्के संघीय कर आणि लाभांशावर भागधारकाच्या हाती पुन्हा कर असा दुहेरी भार येतो, म्हणून घर चालवण्यासाठी सगळा नफा काढावा लागणाऱ्या छोट्या धंद्याला तो प्रकार क्वचितच परवडतो.

वेतन शक्य तितके कमी दाखवण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. तो स्वीकारण्यापूर्वी निवृत्तिवेतनाचा विचार व्हावा. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी ४० क्रेडिट, म्हणजे किमान दहा वर्षांची वर्गणी लागते आणि त्याची रक्कम नोंदलेल्या कमाईवर ठरते. भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे भारतात भविष्य निर्वाह निधीत भरलेली वर्षे येथे मोजली जात नाहीत, आणि वयाच्या चाळिशीत आलेल्या व्यक्तीलाही ही मोजणी शून्यापासूनच सुरू करावी लागते.